गेणबा तात्याचं रेकॉर्डिंग

माझं कुणावाचून अडत नाही, असं मी आयुष्यभर सांगत आले. नळाला पाणी नसेल तर आड आहे, आड आटला तर ओढा आहे, ओढा आटला तर शेजारीण आहे! त्यामुळे केबलवाल्या विजयसिंहानं रेकॉर्डर भाड्यानं द्यायला अट घातली, तेव्हा त्याच्या दुकानाच्या पायरीवरच मी पदर खोचला आणि ठणकावलं, "ठेव तुझा डबा तुझ्यापाशी! तुझ्या नाकावर टिच्चून रेकॉर्डिंग करून दाखवते!"

आणि करून दाखवलं की! चांगलं पाहुण्यांदेखत दाखवलं. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. आता माझी नात तव्यावरची भाकरी फुगली तरी मोबाईल काढते. तेव्हा तसं नव्हतं. टीव्हीवर जे लागायचं ते एकदाच लागायचं. बघितलं तर बघितलं, नाही तर गेलं! ज्याला धरून ठेवायचं असेल त्याला रेकॉर्डर लागायचा, आणि आमच्या निमगाव केतकीत रेकॉर्डर एकच, विजयसिंहाचा. केबलची वर्गणी वेगळी, रेकॉर्डरचं भाडं वेगळं आणि त्याचा तोरा वेगळा!

मला रेकॉर्डर हवा होता, कारण मी टीव्हीवर येणार होते.

हो, मी! शेतीच्या कार्यक्रमात! माझ्या सासऱ्यांनी मेंढरं राखली, मालकांनी त्यांच्या हयातीत मेंढरं विकून माळाची जमीन घेतली आणि त्या माळावर माझ्या मल्हारनं डाळिंबाची बाग उभी केली. ती बाग बघायला मुंबईहून टीव्हीची माणसं आली. एरवी ग्रामसभेत खुर्च्या हलवणारा माझा लेक कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि विजेच्या खांबासारखा ताठला! "आपण... बाग... आपली..." यापुढं गाडी सरकेना. शेवटी साहेबांनी माईक माझ्याकडं वळवला.

"काकू, सुरुवातीला काही अडचणी आल्या का?"

मी सुटलेच! "अडचणी? अवो, पैल्या वर्सी बारामतीच्या बाजारात सांगवीच्या एका नर्सरीवाल्याच्या टेम्पोतनं रोपं घेतली. रोपं कसली, नुसत्या काड्या! एक जगलं न्हाय! चुलीत घातली तर धूर बी निघंना! ज्याला रोप आन काडी कळत न्हाय, त्यानं नर्सरी कशाला काढावी? सरपणाची वखार काढावी की!"

साहेब हसले, कॅमेरावाला हसला. बांधापलीकडं आमचा चुलतदीर गेणबा तात्या मेंढरं घेऊन उभा होता. तो तर काठीवर हनुवटी टेकून असा ऐकत होता, की त्याची मेंढरं आमच्या मक्यात शिरली तरी त्याला पत्ता नाही.

पुढं कार्यक्रमाची तारीख कळली आणि मी कपाळावर हात मारला. नेमक्या त्याच संध्याकाळी माझ्या योगिनीला बघायला सांगवीचे पाहुणे येणार होते!

दिवस बदलायची सोय नव्हती, कारण पुढं पौष लागत होता. आणि हे स्थळ हातचं घालवायचं नव्हतं. मुलगा सिद्धू. दोघंही बारामतीच्या कॉलेजात होते. योगिनी वरवर म्हणायची, "तुमी म्हणाल तसं." पण आधीच्या स्थळांच्या वेळी हिचं डोकं दुखायचं, पोट दुखायचं, आणि या वेळी मात्र बाईसाहेबांनी स्वतः होऊन पडद्यांना इस्त्री केली. पोरीचा जीव कुठं गुंतलाय ते आईला सांगावं लागत नाही.

"मग टीव्ही चालूच ठिवू," मी म्हणाले. "पावणं बी बघतील!"

"आई," मल्हार म्हणाला, "पावणं पोरगी बघाया येत्यात का तुला?"

म्हणून मी विजयसिंहाकडं गेले. आता आमच्या दोघांत एक जुनं प्रकरण होतं. त्यानं केबलची वायर मला न विचारता माझ्या अंगणातल्या शेवग्यावरून नेली होती. वाऱ्यानं ती ओढली, शेंगांनी लगडलेली फांदी मोडली, आणि मी कोयता घेऊन वायरच तोडली. तेव्हा टीव्हीवर क्रिकेटची मॅच रंगात आली होती. आमच्या आळीतली निम्मी माणसं मला पुढं महिनाभर राम राम घालत नव्हती!

"मावशी, न्या की रेकॉर्डर," विजयसिंह गोड हसला. "तुमच्याकडनं भाडं बी नको. फकस्त माझी वायर पुन्यांदा शेवग्यावरनं जाऊ द्या."

"शेवग्याला हात लावलास तर बघ!"

"मग ऱ्हायलं."

आणि मग मी ते नाकावर टिच्चून वगैरे बोलून बसले.

घरी आल्यावर मी रेकॉर्डरला पर्याय शोधायला लागले. पहिला पर्याय, आमचा टेपरेकॉर्डर. चित्र नाही तर नाही, आवाज तर येईल! बातम्या लागल्या तशी मी टेप टीव्हीपुढं ठेवून चाचणी घेतली. मग कॅसेट लावली. आधी कुकरची शिट्टी. मग माझा आवाज, "मल्हाऽऽर, शेळी सुटली!" मग शेळी. मग पुन्हा मी, "दावं कुठं गेलं मेलं?" आणि या सगळ्याच्या पाठीमागं, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी, कुणीतरी बाई म्हणत होती, "नमस्कार."

दुसरा पर्याय, बारामतीचा लग्नाचं शूटिंग करणारा. तो म्हणाला, "सोपं हाय काकू. टीव्हीसमोर कॅमेरा लावायचा, झालं!" त्यानंही चाचणी म्हणून बातम्याच घेतल्या. कॅसेट बघितली तर टीव्हीभर काळे पट्टे रहाटगाडग्यासारखे फिरतायत आणि त्यांच्या मागं बातम्या देणारा बिचारा तुरुंगात बसल्यासारखा! शिवाय सवयीप्रमाणं यानं त्याच्या चेहऱ्याभोवती बदाम काढला होता आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या होत्या.

मी हातच टेकले असते. पण त्या अमावस्येला बिरोबाच्या देवळात गेले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला!

देवळात गेणबा तात्या ओव्या गात होता. एक हात कानावर, डोळे मिटलेले, मागं झील धरायला त्याचे दोघे भाऊ, बाजूला ढोल. बिरोबाच्या जन्मापासूनची कथा, हातात कागद नाही की पुस्तक नाही! एकदा कानात शिरलेलं या माणसाच्या डोक्यातून बाहेर पडत नाही. मी म्हटलं, रेकॉर्डर म्हणजे तरी दुसरं काय? एकदा आत घ्यायचं आणि पाहिजे तितक्या वेळा बाहेर काढायचं! हा तर नुसत्या चहावर चालतो!

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या वस्तीवर गेले.

"तात्या, टीव्हीवर माझा कार्यक्रम हाय. तुमी बघायचा आन जसाच्या तसा ध्यानात ठिवायचा. एक शब्द गाळायचा न्हाय!"

"वैनी," तात्या छाती काढून म्हणाला, "मी आजवर बिरोबाचा शबूद गाळला न्हाय, तुमचा कशापायी गाळीन?"

त्याची बायको ठमाबाई चुलीपुढून म्हणाली, "टीव्ही हाय की, जावयानं दिलेला. पर ह्यांना टीव्हीपुढं झोप लागती. मी बसते चिमटं काढत."

"आन झालं की लगीच या," मी बजावलं. "शिळं होऊ देऊ नका!"

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. सिद्धूचे वडील जोतीरामराव उंचेपुरे, कडक इस्त्रीचे, मिशांना पीळ. आई द्वारकाबाई हसतमुख, कमी बोलणाऱ्या. सिद्धू पोह्यांच्या बशीकडं असा बघत होता, जणू तिलाच पसंत करायला आला आहे. योगिनी चहा घेऊन आली, दोघांची नजरानजर झाली आणि ट्रेमधले कप किणकिणले. सगळं तुपासारखं चाललं होतं!

"मग, तुमची शेती काय काय?" मल्हारनं विचारलं.

"ऊस हाय, गाई हायत," जोतीरामराव म्हणाले. "मधी डाळिंबाच्या रोपांची नर्सरी बी काढली हुती. टेम्पो भरून बारामतीच्या बाजारला न्यायचो. पर लोकांना कदर न्हाय. बंद केली."

माझ्या घशात पोहे अडकले. मल्हारनं माझ्याकडं बघितलं, मी मल्हारकडं बघितलं.

"सांगवीत..." मी पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "सांगवीत नर्सऱ्या लई असतील न्हाय?"

"छ्या! मी एकटाच!"

माझ्या पायाखालची फरशी सरकली! अहो, मी या माणसाला भर टीव्हीवर सरपणाची वखार काढायला सांगितलं होतं! घड्याळात बघितलं तर कार्यक्रम नुकताच संपला असणार. साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं असणार! मग माझ्या ध्यानात आलं, ऐकलं नाही ते फक्त या चौकटीच्या आत बसलेल्या माणसांनी. आपला टीव्ही बंद आहे. बिरोबा, तुझी कृपा! आज सुपारी फुटू दे, पुढचं पुढं!

मी डोळे मिटून हात जोडले आणि दारात ढोल वाजला.

धडाड् धुम्!

"वैनी!" गेणबा तात्या उंबऱ्यात उभा. कपाळाला भंडारा, मागं दोघे भाऊ. "रेकॉर्डिंग आणलंय! लावू का?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर शेळी दचकली. "म्हंजी उद्या! उद्या लावू!"

"शिळं हुईल की! तुमीच म्हणला न्हवता का?"

"कसलं रेकॉर्डिंग?" जोतीरामरावांनी विचारलं.

"वैनी टीव्हीवर आल्या हुत्या. समदं ओवीत धरलंय."

जोतीरामरावांच्या चेहऱ्यावर असा आनंद फुलला की मला भोवळच यायची बाकी राहिली. "ओव्या? आरं वा! आमचं बी कुलदैवत बिरोबाच. शुभकार्याला ओवी कानावर पडावी, यापरीस भाग्य कंचं? लावा, लावा!"

तात्यानं घोंगडी अंथरली, कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि नमन सुरू केलं. आधी बिरोबा, मग म्हसोबा, मग खंडोबा, मग म्हाळसा, मग वेशीवरचा मारुती, मग ओढ्याकाठचा वेताळ. देव जितके जास्त तितकं बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं! पण देव संपले. बाग आली. खांबासारखा ताठलेला मल्हार आला. आता माझा नंबर!

"तात्या, चहा घ्या!" मी कप त्याच्या नाकाखाली धरला.

तात्या थांबला. शांतपणे चहा प्यायला, मिशी पुसली, कानावर हात ठेवला आणि पुन्हा पहिल्या बिरोबापासून नमन सुरू!

"आवो, पुन्यांदा पैल्यापास्नं?" मल्हारनं घाबरून विचारलं.

"मधनं धरता येत न्हाय," तात्या म्हणाला. "ओवी हाय ही. एसटी न्हाय, कुठनं बी चढायला!"

पुन्हा सगळे देव, पुन्हा बाग, पुन्हा ताठलेला मल्हार. मी मल्हारला खूण केली. त्यानं कोपऱ्यातली पितळी परात पाडली. ठणाणाणा! तात्या थांबला. आणि पुन्हा बिरोबा!

या खेपेला जोतीरामरावच कडाडले, "आता कुणी मधी बोलायचं न्हाय! देवाचं काम हाय!"

संपलं! मी भिंतीला टेकून उभी राहिले. तात्याचा आवाज चढला.

"सांगवी गावचा नर्सरीवाला गं, टेम्पोत काड्या भरून आला गं..."

मागून दोघे भाऊ, "भरून आला गंऽऽ! भरून आला गंऽऽ!"

"चुलीत घातल्या, धूर बी निघंना..."

"धूर बी निघंनाऽऽ! धूर बी निघंनाऽऽ!"

"नर्सरी कशाला, काढ म्हणावं वखार सरपणाची..."

"वखार सरपणाचीऽऽ! वखार सरपणाचीऽऽ!"

धडाड् धुम्!

मी एकदाच बोलले होते हो! हे तिघं मिळून तीन-तीनदा सांगत होते, तेही ढोलावर!

जोतीरामरावांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग डाळिंबासारखा लाल झाला. ते उठले. टोपी घातली.

"सिद्धू, चपला घाल."

सिद्धू उठला, पण त्याचे पाय हलेनात. स्वयंपाकघराच्या दारात योगिनी उभी होती. तिनं दाराची चौकट इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. त्यापेक्षा तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं! टीव्हीवर दिसायची माझी सगळी हौस त्या एका नजरेत जळून गेली.

जोतीरामरावांनी एका पायात चप्पल सरकवली. तोच तात्यानं डोळे न उघडताच हात वर केला.

"बसा! भंडारा लागल्याबिगर ओवीतनं उठायचं न्हाय! देवाचा कोप हुईल!"

आता हे ज्याच्या कुळात आहे त्यालाच कळेल. अपमान झाला तर माणूस उठून जाईल, पण अर्ध्या ओवीतून बिरोबाचा माणूस उठत नाही! जोतीरामराव एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, असे सतरंजीच्या कडेला टेकले. दातओठ खात बसले. तात्या पुढं गायला लागला, आणि मी कान टवकारले. कारण पुढचं मी कधी बोललेच नव्हते!

"काड्यांच्या ढिगात काडी एक जिती गं..."

"काडी एक जिती गंऽऽ!"

"मल्हारबाळानं पानी तिला घातलं, एकीची शंभर, शंभराची बाग गं..."

"शंभराची बाग गंऽऽ! शंभराची बाग गंऽऽ!"

ढोल थांबला. तात्यानं डोळे उघडले आणि मुठीतला भंडारा उधळला. जोतीरामरावांचं कपाळ पिवळं झालं, मिशा पिवळ्या झाल्या. ते हळूहळू माझ्याकडं वळले.

"म्हंजी... ही समदी बाग आमच्या रोपाची?"

खरं तर आमची रोपं पंढरपूरकडच्या एका पाहुण्यांनी दिलेली. मी तसं सांगायला तोंड उघडलं, आणि मल्हारनं माझ्या पायावर असा पाय दिला की तोंडातून एकच शब्द बाहेर पडला.

"व्हय!"

"मग काडी कशी म्हणायची तिला? रोपच हुतं की ते! लावणाऱ्याला कळाय नगं?"

"व्हय!"

जोतीरामरावांनी चप्पल काढली. मिशांना पीळ दिला. खिडकीतून बागेकडं असं बघितलं, जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे. "ऐकलंस का गं?" ते बायकोला म्हणाले. "ह्या बागंचं मूळ आमचं हाय! मग बागंतली पोर दुसऱ्याच्या घरला कशी जाऊ द्यायची?"

द्वारकाबाई पदराआड हसत होत्या. त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या, "ताई, वखारीचं मी बी त्यांना लई वर्सं सांगत हुते. ढोल न्हवता माज्याकडं!"

सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर मी तात्याला अंगणात गाठलं.

"तात्या, टीव्हीवाल्यांनी वखारीचं सगळं दाखवलं? आन ती जिती काडी मी कवा बोलले?"

"टीव्हीवर?" तात्या चकित होऊन म्हणाला. "वैनी, आमच्या वस्तीवर लाईट कुठं हुती? कार्यक्रम लागायच्या आधीच गेली. तुमची फेज येगळी, आमची येगळी!"

"मग गायलात काय?"

"शूटिंगच्या दिशी मी बांधावर हुतो न्हवं का? तवाच समदं भरून घेतलं हुतं. तेच लावलं."

"आन काडी?"

"ती माजी. ओवी वंगाळावर संपवायची नसती, वैनी."

मी अंगणातच खाली बसले! पण खरा धक्का अजून यायचा होता. सकाळी विजयसिंह हातात कॅसेट आणि काखेत रेकॉर्डर घेऊन दारात हजर.

"मावशी, मीच रेकॉर्डिंग करून ठिवलं. म्हटलं, आपली मावशी हाय."

कॅसेट लावली. बाग दिसली. मल्हारचा अर्धा कान दिसला. मग दोन डाळिंबांच्या मधून मी दिसले, हातवारे करत, तावातावानं बोलताना! आणि आवाज कुणाचा? एक बाई गोड आवाजात सांगत होती, "शेणखताचा वापर भरपूर करावा." तेवढ्यात मी गेले आणि फवारणीचा पंप आला.

माझा एक शब्द नव्हता! टीव्हीवाल्यांनी शहाणपणानं जे कापून टाकलं होतं, ते आम्ही जपून ठेवून, ढोल लावून, पाहुण्यांना घरी बोलावून ऐकवलं होतं!

"मावशी, अजून एक," विजयसिंह म्हणाला. "गावात रेकॉर्डर कुणाकडं हाय ते काढून सांगवीच्या पावण्यांचा दुकानावर फोन आला हुता. टीव्हीवर त्यांच्या रोपाचं काय काय दाखवलं ते गावाला दाखवायचंय म्हणं. कॅसेट पायजे. पाठवू का?"

कॅसेटमध्ये ना रोप, ना जिती काडी! सुपारी फुटून एक रात्र झाली होती. योगिनी आत परकराची नाडी ओवत गुणगुणत होती.

"बाबा रे," मी म्हणाले, "कॅसेट खराब झाली म्हणून सांग. काय पायजे ते माग!"

विजयसिंहानं फक्त खिडकीतून बाहेर, शेवग्याकडं बघितलं.

लग्न झालं. योगिनी सुखात आहे. दर हंगामात डाळिंबाची पहिली पेटी सांगवीला जाते, आणि व्याही ती फोडताना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "घरचंच रोप हाय आमचं!" केबलचा धंदा कधीच बुडाला. वायर मात्र अजून शेवग्यातून लोंबते. शेंगा काढायला आकडी वर केली की तिच्यातच अडकते. परवा योगिनीची राजनंदिनी सुट्टीला आली होती. म्हणाली, "आजी, ही कसली जुनी वायर? तोडून टाकू?"

"नको गं बाई!" मी दचकून ओरडले. "तुझ्या आईचं लग्न तिलाच टांगलंय!"

माझं काही कुणावाचून अडत नाही म्हणा. शेवग्याच्या शेंगा तेवढ्या मी शेजारणीकडून मागून आणते.